प्लाझ्मा कटिंग : रेघ आधी, यंत्र मागाहून

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला विषय दिला तो सीएनसी प्लाझ्मा यंत्राचा. म्हणजे संगणकाच्या आज्ञेने पत्रा कापून धातूच्या कलाकृती आणि यंत्रांचे सुटे भाग तयार करण्याचा. मी कला शाखेचा पदवीधर आणि नोकरीने बँकेतला कारकून. लोखंड कापण्याशी याचा काय संबंध, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. संबंध एवढाच की पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतली मुले या यंत्रासाठी कर्ज मागायला येतात, तेव्हा त्यांचे कागद माझ्या टेबलावरून पुढे जातात. कागदावर काय लिहिले आहे ते कळावे म्हणून मी रविवारी शेडमध्ये जाऊन उभा राहू लागलो, आणि मग त्या गोष्टीची गोडीच लागली. आज जे सांगणार आहे ते तिथे पाहिलेले, कारागिरांना विचारून घेतलेले आणि थोडेफार वाचलेले आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण भाषण लांबले की मुले बाहेर जातात. या धंद्यात यंत्र फक्त कापते. पैसा आहे तो रेघेत आणि हिशेबात. ज्याला रेघ काढता येते आणि पत्र्याचे वजन काढता येते, त्याने यंत्राचा विचार करावा. ज्याला हे अजून येत नाही त्याने आधी ते शिकावे आणि तोपर्यंत दुसऱ्याच्या यंत्रावर कापून घ्यावे. आपली मुले नेमकी उलट बाजूने सुरुवात करतात. आधी कर्ज, मग यंत्र, मग गिऱ्हाईक, आणि सगळ्यांत शेवटी शिकणे.

आता यंत्र म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. गेट-ग्रिल करणाऱ्या शेडमध्ये गॅस कटिंग आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्योतीने लोखंड लालभडक करायचे आणि त्यावर ऑक्सिजनचा झोत सोडायचा; लोखंड अक्षरशः जळते आणि वाट पडते. परंतु स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम असे जळत नाहीत, म्हणून ते गॅसने कापता येत नाहीत. प्लाझ्माची रीत निराळी. दाबाखालची हवा तांब्याच्या नोझलच्या बारीक तोंडातून सोडतात आणि त्याच वाटेने विजेची ज्वाला पत्र्यापर्यंत नेतात. अरुंद वाटेत कोंडलेली हवा इतकी तापते की तिच्यातून वीज वाहू लागते. वायूच्या या अवस्थेला ‘प्लाझ्मा’ हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये दिले. गॅसची ज्योत साधारण तीन हजार अंश सेल्सिअसची, तर ही वीस हजारांच्या घरातली. हिच्यापुढे पत्रा वितळतो आणि झोताचा जोर तो रस खालच्या बाजूने उडवून देतो. ज्यातून वीज वाहते असा कोणताही धातू यावर कापता येतो. लाकूड, फरशी, प्लॅस्टिक यांचे मात्र काम नाही.

सीएनसी म्हणजे ही टॉर्च हातात न धरता टेबलावरच्या सरकत्या पुलावर बसवायची आणि संगणकाने फिरवायची. आकड्यांच्या आज्ञेने यंत्र चालवण्याची कल्पना जॉन पार्सन्स या अमेरिकन माणसाची. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत असे मिलिंग यंत्र १९५२ मध्ये चालवून दाखवले गेले. प्लाझ्मा टॉर्चचे पेटंट १९५७ चे, रॉबर्ट गेज यांचे. ते युनियन कार्बाइड कंपनीत होते. होय, १९८४ च्या भोपाळमुळे आपल्याला माहीत झालेले तेच नाव. म्हणजे दोन्ही शोध एकाच दशकातले, पुढे ते एकमेकांना येऊन मिळाले. आज्ञा अगदी साध्या असतात. ‘जी ०१’ म्हणजे सरळ रेघेत जा, ‘जी ०२’ म्हणजे घड्याळाच्या दिशेने गोलाई घे. अनेक यंत्रांत ‘एम ०३’ने टॉर्च पेटते, ‘एम ०५’ने विझते. चित्र संगणकावर काढले की या ओळी दुसरा प्रोग्राम आपोआप लिहून देतो. तेव्हा इंग्रजी कच्चे आहे म्हणून कोणी घाबरू नये.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्या गावगाड्यात भाता लोहाराच्या घरी आणि वाकस सुताराच्या घरी. महारही बलुतेदारच, पण त्याच्या वाट्याला हुन्नर नव्हता. गावकीची राबणूक होती. १९५८ च्या कायद्याने ते वतन संपले. वतन गेले म्हणून हातात हत्यार आले, असे मात्र झाले नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधीजींवर लिहिलेल्या ग्रंथात यंत्राची बाजू घेतली आहे. दोष यंत्राचा नाही, समाजाच्या घडणीचा आहे. यंत्रामुळे कष्टकऱ्याला फुरसत मिळू शकते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. शेडमध्ये उभे राहिले की मला ते आठवते. यंत्राला फाइल लागते, ती कोणाच्या घरून आली हे ते विचारत नाही. गिऱ्हाईक मात्र अजून कधी कधी विचारते.

आता रेघेकडे वळू. पेणच्या मुलांना रेघ म्हणजे काय हे मी सांगायची गरज नसावी. पेण शहरात, हमरापूर-जोह्याला गणपतीचे कारखाने आहेत. साच्यातून मूर्ती काढणारे हात पुष्कळ असतात; पण मूळ मूर्ती घडवणारा हात आणि डोळ्यांची आखणी करणारा हात मोजकेच असतात, आणि मान त्यांनाच असतो. प्लाझ्माचे यंत्र हे साच्यासारखे आहे. एक नग काढा नाहीतर शंभर काढा, त्याला फरक पडत नाही. मूळ रेघ काढणारा कोण, यावर सगळे ठरते.

दाराच्या पाटीचेच उदाहरण घ्या. अक्षरे कापण्याच्या दोन पद्धती. एकीत अक्षर ठेवायचे आणि भोवतालचा पत्रा काढून टाकायचा. दुसरीत पत्रा ठेवायचा आणि अक्षर काढून टाकायचे, म्हणजे मागे दिवा लावला की नाव उजळते. पहिल्या पद्धतीत आपल्या देवनागरीला मोठा फायदा आहे. इंग्रजी नावाची अक्षरे सुटी पडतात, एकेक उचलून मागच्या पट्टीवर वेल्ड करावे लागते. आपली शिरोरेखा सगळ्या शब्दाला एका दांडीवर धरून ठेवते. नाव अखंड निघते. पण अनुस्वार! तो बिचारा शिरोरेखेच्या वर एकटा बसलेला. कापताच खालच्या पाण्यात पडतो आणि ‘आनंद’चा ‘आनद’ होतो, ‘शिंदे’ यांचे ‘शिदे’ होतात, ‘संघ’ नुसता ‘सघ’ उरतो. त्याला शिरोरेखेशी जोडणारी दोन-तीन मिलिमीटरची बारीक मान काढावी लागते, आणि ती अशी काढावी लागते की लांबून दिसू नये. दुसऱ्या पद्धतीत अडचण निराळी. ‘व’, ‘ब’, ‘क’, ‘प’, ‘म’ यांच्या पोटातला पत्रा सुटून पडतो. ‘बुद्ध विहार’ अशी उजळणारी पाटी करायची तर ‘ब’ आणि ‘व’ यांच्या पोटाला बाहेरच्या पत्र्याशी बांधणारा एकेक दुवा ठेवलाच पाहिजे. मुंबईहून येणाऱ्या तयार फाइलींत इंग्रजी अक्षरांचे हे सगळे केलेले असते, मराठीचे फारसे नसते. म्हणजे ही जागा मोकळी आहे, आणि ती मराठी शाळेत सुलेखन गिरवलेल्या मुलाची आहे.

बाबासाहेबांची तसबीर पत्र्यात कापून मागे निळा दिवा लावायचा, अशी मागणी १४ एप्रिलच्या आधी हमखास येते. हे काम दिसायला सोपे, करायला अवघड, कारण चष्मा. छायाचित्राचे फक्त काळे आणि पांढरे असे दोन भाग करायचे असतात. काळे म्हणजे राहणारा पत्रा, पांढरे म्हणजे काढून टाकलेला. चष्म्याच्या काचेतला भाग पांढरा केला की त्यातले डोळ्याचे बुबुळ बेटासारखे एकटे पडते. यंत्र ते इमानेइतबारे कापते आणि बुबुळ खाली पडते. म्हणून बुबुळ वरच्या पापणीला, पापणी चष्म्याच्या चौकटीला, चौकट तिच्या काडीने केसांना आणि केस बाहेरच्या कड्याला जोडलेले पाहिजेत. याची परीक्षा घरी करता येते. चित्राच्या कोणत्याही काळ्या ठिकाणी बोट ठेवा आणि फक्त काळ्यावरून चालत कडेपर्यंत पोहोचा. जिथे बोट अडले तो भाग पडणार. विद्यार्थ्यांनी हे काळा कार्डपेपर आणि ब्लेड घेऊन करून पाहावे. दहा रुपयांत जे शिकता येते ते हजाराच्या पत्र्यावर शिकू नये.

संगणकात फोटो टाकला की आपोआप रेघ काढून देणारी सोय आहे. इंकस्केप हा प्रोग्राम फुकट मिळतो, २००३ पासून आहे, त्यातही ती आहे. मात्र अशा आपोआप काढलेल्या रेघेत हजारो ठिपके असतात. टॉर्च प्रत्येक ठिपक्यावर अडखळते आणि कडा करवतीसारखी येते. ठिपके हाताने कमी करून रेघ वाहती करावी लागते. चांगल्या आणि वाईट कामातला फरक माझ्या मते इथेच दिसतो.

धम्मचक्र काढणे त्या मानाने सोपे. आठ आऱ्यांचे असेल तर दोन आऱ्यांत ४५ अंश, अशोकचक्रासारखे चोवीस आऱ्यांचे असेल तर १५ अंश. एक आरा काढून बाकीचे फिरवून घ्यायचे. एक सूचना मात्र करतो. सारनाथच्या चार सिंहांची राजमुद्रा गेटवर कापून देण्याच्या फंदात कोणी पडू नये. तिच्या वापरावर २००५ च्या कायद्याने निर्बंध आहेत, आणि पाचशे रुपयांच्या कामासाठी ती भानगड नको.

कलाकृतींवर मी इतका वेळ घेतला, कारण मुलांना त्याचेच आकर्षण आहे. पण बारमाही चूल पेटते ती बहुधा सुट्या भागांवर. रोह्याला धाटावची एमआयडीसी आहे, तिथे रसायनांचे कारखाने आहेत. पाइपांचे आधार, पंपाच्या खालच्या बैठका, त्रिकोणी टेकू, फ्लँजच्या चकत्या असे भाग तिथे सतत लागतात, आणि कारखाना दुरुस्तीसाठी बंद असतो तेव्हा ते कालच्या काल हवे असतात. पेणच्या खारपट्ट्यात उघाड्यांची दारे खाऱ्या पाण्याने गंजतात. भाताच्या गिरणीचा, मळणीयंत्राचा एखादा भाग मोडला तर कंपनीकडून येईपर्यंत हंगाम निघून जातो. मोडका तुकडा कागदावर ठेवून पेन्सिलीने काढायचा, कॅलिपरने मापायचा, संगणकावर घ्यायचा आणि कापायचा. असा एकच नग करून देणारा माणूस जवळ असणे ही मोठी सोय आहे, आणि तिचे पैसे लोक देतात.

या कामात मात्र रेघेबरोबर मापही लागते. प्लाझ्मा जी वाट पाडतो तिला रुंदी असते. तीन मिलिमीटरच्या पत्र्यात ती साधारण दीड मिलिमीटर धरतात. रेघेवरून टॉर्च नेली तर नग दोन्ही बाजूंनी मिळून तेवढा लहान निघतो. म्हणून बाहेरच्या रेघेला टॉर्च अर्ध्या रुंदीने बाहेर आणि भोकाला अर्ध्या रुंदीने आत चालवायची. आतली भोके आधी, बाहेरची कड शेवटी. कड आधी कापली तर नग हलतो आणि भोके भलतीकडे जातात. टॉर्चमधली हवा गरगर फिरत येत असल्यामुळे चालण्याच्या दिशेच्या उजव्या हाताची कड सरळ येते आणि डाव्या हाताची थोडी तिरकी. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने आणि आतले भोक उलट दिशेने, म्हणजे तिरकी बाजू भंगारात जाते. सुरुवातीचा छेद देताना रस उडतो, तोही भंगाराच्या बाजूला घ्यायचा. भोक पत्र्याच्या जाडीच्या दुप्पट असेल तर बरे येते. जाडीपेक्षा लहान भोकाचा हट्ट धरू नये. जिथे बोल्ट घट्ट बसायचा आहे तिथे यंत्राने नुसती खूण करून घ्यावी आणि भोक ड्रिलने पाडावे. रसायनाच्या कारखान्यासाठी स्टेनलेस कापले असेल तर कापलेली कड ग्राइंडरने घासून द्यावी, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

लेसरचे काय, असे कोणी विचारील. तळोजा-पनवेल बाजूला लेसर कटिंग सहज मिळते आणि पातळ पत्र्याची बारीक जाळी लेसरच सुबक कापतो. त्याच्याशी बारीक नक्षीत स्पर्धा करण्यात अर्थ नाही. ती कामे तिकडून कापून आणावीत. सहा, आठ, बारा मिलिमीटरची प्लेट, धुळीची शेड आणि आज सांगून उद्या हवे असलेले काम, ही प्लाझ्माची जागा आहे.

कोकणात या यंत्राचा मोठा शत्रू म्हणजे पाऊस. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो. जून ते सप्टेंबर त्या हवेत पाणीच पाणी. ओलसर हवा टॉर्चमध्ये गेली की नोझल आणि इलेक्ट्रोड लवकर खराब होतात. इलेक्ट्रोड तांब्याचा असतो आणि त्याच्या टोकाला हाफ्नियम या धातूचा बारीक मणी असतो. तो मणी झिजला की इलेक्ट्रोड बदलावा लागतो. दर वेळी टॉर्च पेटताना तो थोडा झिजतो, म्हणून त्याचे आयुष्य तासांइतकेच पेटण्याच्या संख्येवर ठरते. हवा सुकवणारा ड्रायर नको म्हणून पैसे वाचवणारे पावसाळ्यात नोझलवर तेवढेच घालवतात. तयार कलाकृतीचेही तसेच. कापलेली धार तीक्ष्ण असते, तिच्यावर रंग पातळ बसतो आणि पहिल्याच पावसात कडेने तांबूस रेघ दिसू लागते. कडा घासून बोथट करणे, मग रेडऑक्साइड, मग रंग. खाडीकाठच्या घराला शक्य असेल तर जस्ताचा मुलामा. हे सांगून त्याचे वेगळे पैसे घ्यावेत. न सांगता स्वस्तात दिले तर वर्षाने तेच गिऱ्हाईक चौकात बदनामी करते.

आया-बहिणी बसल्या आहेत म्हणून जिवाचेही बोलतो. स्टेनलेस कापताना निघणाऱ्या धुरात क्रोमियमचे असे रूप असते की ज्याने कर्करोग होऊ शकतो. जस्ताचा पत्रा कापला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. पोरगा म्हणतो हवामान बदलले, पण तो जस्ताच्या धुराचा ताप असतो. धूर ओढून घेणारा पंखा किंवा टेबलाखाली पाणी, योग्य मास्क, काळा चष्मा आणि कानाला बोळे, एवढे नसेल त्या शेडमध्ये मुलाला पाठवू नका. पाण्याच्या टेबलावर ॲल्युमिनियम कापायचे तर जास्त जपावे, कारण त्यातून हायड्रोजन वायू निघून साठतो आणि भडका उडू शकतो. आणि रोह्याकडच्यांना हात जोडून सांगतो, रसायनाचा रिकामा ड्रम कधीही कापायला घेऊ नका. रिकामा म्हणतात तो रिकामा नसतो. तळाशी राहिलेल्या दोन चमचे द्रवाची वाफ टॉर्चची ठिणगी लागली की फुटते. ड्रमची शेगडी, ड्रमची कुंडी अशी चित्रे मोबाइलवर पुष्कळ येतात. ती पाहून कोणी मोहात पडू नये.

आता माझ्या हक्काच्या विषयाकडे, हिशेबाकडे येतो. वजनाचे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. लांबी मीटरमध्ये, गुणिले रुंदी मीटरमध्ये, गुणिले जाडी मिलिमीटरमध्ये, गुणिले ७.८५, उत्तर किलोत येते. चार बाय आठ फुटांचा तीन मिलिमीटरचा, म्हणजे कारागिराच्या भाषेत एक सुताचा, पत्रा ७० किलो भरतो. पेण तालुक्यातच डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे, पत्र्याच्या कॉइली तिथे तयार होतात. पण आपल्या माणसाला चार पत्रे हवे असले तर तो कळंबोलीच्या पोलाद बाजारात जातो. गाडीभाडे धरायला विसरू नका. भाव रोज बदलतो, म्हणून हिशेबापुरता किलोला ६० रुपये धरू.

साठ सेंटिमीटर व्यासाचे गोल चक्र करायचे आहे. एका पत्र्यात दोनच्या चार जोड्या, म्हणजे आठ चक्रे बसतात. ७० भागिले आठ, पावणेनऊ किलो, रुपये ५२५. तयार चक्र तराजूत घातले तर साडेतीन किलो भरेल आणि गिऱ्हाईक म्हणेल, साडेतीन किलोचे पैसे घ्या. तिथे मान डोलावणारा मुलगा सहा महिन्यांत शेड बंद करतो. पुढे गंमत पाहा. गिऱ्हाईक म्हणाले, जरा मोठे करा, ६२ सेंटिमीटर करा. आता दोन चक्रे शेजारी शेजारी मावत नाहीत, कारण पत्रा १२२ सेंटिमीटर रुंद आहे. तिरपी मांडली तरी सहाच निघतात. एका चक्राच्या वाट्याला पावणेबारा किलो, रुपये ७०० पत्रा लागतो. दोन सेंटिमीटरसाठी पावणेदोनशे रुपये! हे ज्याला गिऱ्हाईक समोर उभे असताना कागदावर मांडता येते, त्याच्याकडे यंत्र असो वा नसो, तो धंदा करू शकतो. उरलेल्या कोपऱ्यांत किल्ल्यांचे आकडे, घराचे नंबर, पिंपळपाने बसवायची; तो पत्रा आधीच्या गिऱ्हाइकाने विकत घेतलेला असतो. पत्र्यावर मग कापण्याचे मीटर, टॉर्च किती वेळा पेटली त्याचा आकार, वीज, घासणे, रंग आणि चित्र काढण्याची स्वतःची मजुरी. ही शेवटची मजुरी आपली मुले लावतच नाहीत, जणू चित्र आपोआप आले!

मला दोन उदाहरणे ठाऊक आहेत, नावे सांगत नाही. एका तरुणाने दहा लाखांच्या कर्जावर यंत्र आणले. थ्री-फेज वीज यायला वेळ लागला, फाइली विकतच्या, दर शेजाऱ्यापेक्षा दोन रुपये कमी. यंत्र उत्तम होते; आठवड्यातले चार दिवस झाकून ठेवलेले असे. दुसरी एक मुलगी, चित्रकलेच्या परीक्षा दिलेली. तिच्याकडे यंत्र नाही. ती तीन-चार शेडना पाट्यांच्या आणि जाळ्यांच्या फाइली करून देते, फाइलमागे पैसे घेते, आणि स्वतःची कामे जॉबवर्कने कापून घेऊन विकते. तिने अजून बँकेकडे काहीही मागितलेले नाही. मागेल तेव्हा तिचे पासबुकच बोलेल.

दहा लाखांचे कर्ज, हिशेबापुरते व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षे. महिन्याचा हप्ता २१,७४० रुपयांच्या आसपास येतो. पंचवीस दिवस काम धरले तर दिवस उजाडताच ८७० रुपये आधी बँकेचे. पत्रा, वीज, पोरांचा पगार त्यानंतर. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात, गेट-ग्रिल थांबते, पण हप्ता थांबत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा कर्जाला तारण लागत नाही, म्हणून ते फेडले नाही तरी चालते असा एक समज वस्त्यांतून पसरला आहे. तो साफ चुकीचा आहे. हप्ते थकले की सिबिलमध्ये नोंद होते आणि पुढे घरासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी कुठलीच बँक दार उघडत नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम ही योजना २००८ ची. २०२२ मध्ये तिच्यात उत्पादन उद्योगाच्या प्रकल्पाची मर्यादा ५० लाख केली गेली. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरी भागात २५ टक्के अनुदान आणि स्वतःचे पाच टक्के, असे तिचे नियम. परंतु ते अनुदान हातात पडत नाही. बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि धंदा चालू असेल तरच कर्जात जमा होते. योजनांचे नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा अर्जाच्या आधी त्या वर्षीचा कागद शाखेत वाचून घ्यावा. एजंट सांगतो त्यावर जाऊ नये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे रोह्याचे; त्यांच्या गावच्या माणसाने कर्जाचा कागद न वाचता सही करावी, हे काही बरे दिसत नाही.

शेवटी, जे खरोखर अर्ज करणार आहेत त्यांच्यासाठी. येताना नुसते यंत्राचे कोटेशन आणू नका. मागच्या सहा महिन्यांत दुसऱ्याच्या यंत्रावर कापून घेतलेल्या कामांची बिले आणा, मग ती शंभर-दोनशेची का असेनात. शेडचा भाडेकरार, थ्री-फेज वीज मंजूर झाल्याचा महावितरणचा कागद, ड्रायर आणि धूर ओढणारा पंखा यांचे भाव त्याच कोटेशनमध्ये. स्वतः काढलेल्या दहा चित्रांची फाइल. आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे हप्ते कुठून भरणार, ते वेगळ्या कागदावर आपल्या हस्ताक्षरात.